फुकट आणि मोफत
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



बोलण्याचा विषय सभ्य नाही, पण ओळखीचा आहे : क्रॅक केलेले सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर लिहिणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून थोडे हक्काने बोलते.

आपल्यातल्या ज्यांनी जुन्नर, नारायणगाव, मंचरला डीटीपी केले, त्यांना पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ आणि सी-डॅकची ‘आयएसएम’ आठवत असेल. लग्नपत्रिका असो की पतसंस्थेचा अहवाल, मराठी अक्षर त्यांच्यावरच जुळायचे. श्रीलिपीबरोबर संगणकाला लावायचे एक छोटे लॉक मिळे. असे पॅकेज सुरू होताना लॉकला प्रश्न विचारते आणि बरोबर उत्तर आले तरच पुढे जाते. क्रॅक करणारा बऱ्याचदा लॉकला हातही लावत नाही. प्रोग्रॅममध्ये ‘उत्तर बरोबर असेल तर पुढे जा’ असे असते, तिथे तो ‘काहीही असो, पुढे जा’ एवढाच बदल करतो.

लोक ते का वापरत? फुकटची सवय होतीच, पण अडचणही खरी होती. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक रचना वेगळी. पुण्याच्या प्रेसमधून आलेली फाइल, तो फॉन्ट नसला की नुसती गिचमिड दिसायची. छोट्या दुकानदाराने किती पॅकेजेस विकत घ्यायची?

तरीही नुकसान कोणाचे झाले, ते द्राक्षबागायतदारांना वेगळे सांगायला नको. नव्या वाणाची काडी कोणी न विचारता नेली, तर मूळ वेल काही कमी होत नाही; पण ज्याने वाण घडवण्यात वर्षे घातली, त्याच्या हाती काय आले? मराठी सॉफ्टवेअरला गिऱ्हाईक मुळातच थोडे. तेही चोरीकडे वळले, तर मराठीसाठी कोण खपणार?

वापरणाराही सुटत नाही. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना अनेक क्रॅकबरोबर असते. चोराने कुत्रा बांधायला सांगावे आणि आपण बांधावा, तसे हे. शिवाय 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे, माहीत असून चोरीची प्रत संगणकावर वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते.

हे सगळे आज सांगण्याचे कारण म्हणजे आपली बॅच शाळेला संगणक देणार आहे. त्यांत क्रॅक नको. आपल्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या अँटेनांची, जगभर नाव असलेली जीएमआरटी दुर्बीण आहे. तिच्या नोंदी शास्त्रज्ञ ‘कासा’, ‘एआयपीएस’ अशा मोफत मिळणाऱ्या पॅकेजवर तपासतात. मग आपल्या मुलांना मोफत सॉफ्टवेअर कमी कसे पडेल? उबंटू घालू. लिब्रेऑफिस मराठीत मिळते. युनिकोडमुळे फाइल कुठेही उघडते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ फॉन्टही आहे. हे सगळे मुलांनी पेनड्राइव्हवर घरी नेले, तरी ती चोरी नाही. बनवणाऱ्यांनीच तशी परवानगी दिली आहे.

बसवून द्यायला आणि शिक्षकांना शिकवायला दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मी येते. डीटीपीवाल्या मित्रांनो, मराठी टायपिंग शिकवायला तुम्ही या. तुमच्याइतका हात आमच्यात कोणाचाच बसलेला नाही.