हातभर अंतर

(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



परदेशातलं काहीतरी सांग, पण थोडक्यात, अशी मला सूचना आहे. तिकडचे रस्ते आणि बर्फ यांच्याबद्दल तुम्ही भरपूर ऐकलं असेल. मी मुलीबरोबर तंबूत काढलेल्या एका रात्रीबद्दल बोलते. या शाळेशी तिचा संबंध आहे, तो शेवटी सांगते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. अमेरिकेत पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी ‘कब स्काउट’ असतं. पूर्वी तिथे फक्त मुलगे असत. २०१८ पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. माझी मुलगी तिसरीत आहे. एवढ्या लहान मुलांच्या मुक्कामाला आई किंवा वडील सोबत लागतात. म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी तिच्याबरोबर राज्याच्या वायव्य टोकाला, किटाटिनीच्या डोंगरात गेले.

त्या जंगलात काळी अस्वलं आहेत. त्यामुळे वास येणारी कुठलीही वस्तू तंबूत ठेवायची नाही. टूथपेस्ट, साबण, चॉकलेट, सगळं रात्री गाडीत बंद. माझ्या पिशवीतल्या चकल्याही गेल्या. मुलांनी बटाटे, गाजरं आणि कांदा स्वतः चिरला, फॉइलमध्ये गुंडाळला आणि निखाऱ्यांवर भाजला. अर्धा कच्चा, अर्धा करपलेला. पण पानात कोणी काही टाकलं नाही.

दुपारी चाकूचा वर्ग होता. होय, आठ वर्षांच्या मुलांच्या हातात खरा घडीचा चाकू! आधी नियम शिकायचे, मग चाकू वापरण्याचं कार्ड मिळतं. नियम मोडला तर कार्डाचा एक कोपरा कापून टाकायची रीत आहे. पहिला नियम असा : मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि स्वतःभोवती फिरायचं. त्या गोलात कोणी येत असेल तर पातं उघडायचं नाही. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं. दुसऱ्याला देताना चाकू मिटून द्यायचा. मुलं साबणाच्या वडीतून मासा कोरत होती आणि आम्ही पालक त्या गोलाबाहेर हात बांधून उभे. दर मिनिटाला वाटायचं, पुढे व्हावं आणि तो चाकू काढून घ्यावा. पण आम्हालाही तोच नियम होता. हातभर अंतर.

रात्री तापमान पाच अंशांवर उतरलं. दोनच्या सुमारास मुलगी उठली. तिला शौचालयाला जायचं होतं. घरी ही मुलगी पॅसेजमधला दिवा लावल्याशिवाय खोलीबाहेर पडत नाही. मी बूट शोधायला लागले, तर ती म्हणाली, “आई, तू नको. जोडीदार न्यायचा असतो.” शेजारच्या तंबूतल्या मैत्रिणीला तिने हाक मारली. दोघी टॉर्च घेऊन निघाल्या. शौचालय साधारण पन्नास पावलांवर होतं आणि वाटेत शेकोटीपाशी दोन मोठी माणसं जागी होती. मी तंबूच्या तोंडाशी बसून ते दोन उजेड जाताना पाहत होते. ते परत दिसेपर्यंतचा वेळ किती लांब होता, हे इथल्या प्रत्येक आईबापाला समजेल. आल्यावर ती काहीच बोलली नाही. थंड पाय माझ्या पोटाला लावून झोपली.

ती जाऊ शकली, याचं कारण त्या पन्नास पावलांची तयारी कोणीतरी आधी केली होती. मूल एकटं जाणार नाही. मोठं माणूसही एकटं नाही. प्रत्येक शिबिरात किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हवेत. हे नियम किती गरजेचे आहेत, हे त्या संस्थेच्या इतिहासावरून कळतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे २०२० मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढे दाव्यांची संख्या ८० हजारांच्या वर गेली. मुलांना मोकळं सोडायचं, तर मोठ्यांवर नजर ठेवणारी व्यवस्था आधी हवी.

आता शाळेचा संबंध. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला मुलांतलाच नायक दिला. आपल्या गाईड पथकातही तेच होतं. ‘खरी कमाई’ आठवते ना? कार्ड घेऊन घरोघर जायचं, कोणाची भांडी घासायची, कोणाचं अंगण झाडायचं. तेव्हा वाटायचं, आपण अगदी स्वतंत्र फिरतोय. आज आई म्हणून आठवते, तेव्हा दिसतं की बाईंनी जोड्या लावून दिल्या होत्या, गल्ल्या ठरवून दिल्या होत्या, परतायची वेळ सांगितली होती आणि त्या स्वतः चौकात उभ्या होत्या. हातभर अंतरावर.

आज सकाळी बाईंकडून कळलं, की शाळेचं मुक्कामी शिबिर काही वर्षांपासून बंद आहे. पालक परवानगी देत नाहीत आणि सगळी जबाबदारी दोन-तीन शिक्षकांवर येते. पालकांची भीती खोटी नाही, शिक्षकांची अडचणही खरी आहे. म्हणून माझी एक सूचना आहे. ज्यांची मुलं आज या शाळेत आहेत, असे आपल्यातले बरेच जण समोर बसले आहेत. वर्षातली एक रात्र द्या. जेवढी मुलं, त्या हिशेबाने मोठी माणसं. एकट्याने कोणी मुलांबरोबर राहायचं नाही. नियम आधी लिहून पालकांच्या हाती द्यायचे. शाळेच्या मैदानावर तंबू ठोकले, तरी सुरुवातीला पुरे.

जेवणानंतर वही फिरवते आहे. तंबूंच्या खर्चातला माझा वाटा मी पहिल्या पानावर लिहिला आहे. तुम्ही रात्र लिहा.