चौथा रकाना



रत्नागिरीत बोलायचं म्हणून मुद्दाम मॉरिशसचा विषय घेतलाय. एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, सही करून, अंगठा उठवून, तिथल्या उसाच्या मळ्यांवर जी मराठी माणसं गेली त्यांत या जिल्ह्यातली पुष्कळ. त्यांची पतवंडं आज घरात क्रिओल बोलतात, पण गणपतीत झाकरी नाचतात. आपली जाखडीच ती! गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

एवढं ऐकलं की आपला ऊर भरून येतो आणि गोष्ट तिथेच संपते. मला पुढची सांगायची आहे.

1968 च्या जानेवारीत, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर असताना, राजधानी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांमध्ये दंगल पेटली. ब्रिटिश फौज उतरवावी लागली. अल्पसंख्याकांची भीती काही काल्पनिक नव्हती, म्हणून घटनेत एक तोडगा ठेवला होता. 62 आमदार लोकांनी निवडायचे. मग ज्या समाजाला प्रतिनिधित्व कमी पडलं त्याच्या पराभूत उमेदवारांतून आणखी आठपर्यंत घ्यायचे. त्यासाठी उमेदवाराने अर्जात आपला समाज लिहायचा. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन. आणि जीवनपद्धतीवरून जो या तिन्हींत दिसत नाही, तो चौथ्या रकान्यात: 'सामान्य लोकसंख्या'.

त्या रकान्यात कोण आहे बघा. आफ्रिका-मादागास्करहून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज, म्हणजे क्रिओल, आणि त्या गुलामांच्या फ्रेंच मालकांचेही वंशज. दोघे शेजारी-शेजारी. भागाकारात बाकी उरते ना, तशी ही माणसं उरली.

1982 पासून जनगणनेत समाज विचारणं बंद झालं. जागांचा हिशेब मात्र 1972 च्या आकड्यांवरच चालत राहिला. 1999 च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दिवसेंदिवस जाळपोळ झाली. लोक एका गायकासाठी रस्त्यावर आले खरे, पण मनात साठलेलं फार जुनं होतं.

मग रकाने पुसून टाकावेत? मीही पूर्वी तसंच म्हणायचो. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही अर्जात समाज लिहिण्याच्या सक्तीवर बोट ठेवलं, आणि 2014 च्या निवडणुकीपुरती ती सैल झाली. पण ज्याला त्या रकान्यानेच आजवर विधिमंडळात बसवलं, तो घाबरणार. त्याला संकुचित म्हणून झटकणं मला आता जमत नाही.

स्नातकांनो, तुमच्यातलं कुणी उद्या तहसील कचेरीत बसेल, कुणी संगणकावर अर्जांचे नमुने बनवेल. शेवटच्या ओळीत 'इतर' टंकायची वेळ आली की जरा हात थांबवा. त्या शब्दाखाली कुणाला बसवताय, त्यांच्या वस्तीत एकदा जाऊन या.