खारी झालेली माती
(शाळेच्या विज्ञान मंडळात मुलांपुढे केलेले भाषण)



घरी कैरीचे लोणचे घालतात, तेव्हा त्यात मीठ भरपूर घालतात. मीठ कमी पडले, तर लोणचे बिघडते. कोण बिघडवते ते? बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जीवाणू. मीठ त्यांच्या अंगातले पाणी ओढून घेते. मग त्यांना वाढता येत नाही. लोणच्यासाठी हे चांगलेच. पण असे मीठ शेतात गेले तर?

इंग्लंडमध्ये तसे एकदा घडले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री मोठे वादळ झाले. समुद्र खवळला आणि पूर्व किनाऱ्यावरचे बांध ठिकठिकाणी फुटले. ३०७ माणसे दगावली. सुमारे ६५,००० हेक्टर जमीन खाऱ्या पाण्याखाली गेली. आपल्या कोकणात बांध फुटला, की खाजणात पाणी शिरते ना, तसेच. पण कितीतरी मोठे.

पाणी ओसरले, मीठ मात्र मातीत राहिले. चांगल्या मातीच्या एका चमच्यात कोट्यवधी जीवाणू असतात. ते पालापाचोळा कुजवतात, पिकांसाठी अन्न तयार करतात. त्यांच्या चिकट रसामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. आता त्यांतले पुष्कळ मेले. गांडुळेही मेली.

अशा वेळी जमीन लगेच नांगरून टाकावी, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले असते. पण जाणकारांनी शेतकऱ्यांना थांबायला सांगितले. मिठात सोडियम असते. ते चिकणमातीच्या कणांना चिकटले, की कण सुटे होतात. पाऊस पडला, की त्यांचा चिखल होतो आणि वाळला, की विटेसारखा कडक बनतो. त्यातून ना हवा जात, ना पाणी. अशी माती ओली असताना नांगरली, तर ती आणखीच घट्ट होते.

मग शेतांवर जिप्समची भुकटी पसरली. तुमच्या फळ्यावरचा खडू बहुधा याच जिप्समपासून केलेला असतो! जिप्सममध्ये कॅल्शियम असते. ते सोडियमला हटवून त्याची जागा घेते. सुटे झालेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर चरांतून वाहून जाते. मातीत हवा खेळू लागते. गवताची मुळे खोल जातात. मुळांतून पाझरणारा रस हे जीवाणूंचे अन्न. मीठ सोसून तग धरलेले थोडे जीवाणू असतातच. हळूहळू त्यांच्या जोडीला इतरही वाढतात. हे काम एका पावसाळ्याचे नव्हे. त्याला काही वर्षे लागतात.

एसेक्स परगण्यात टोल्सबरी नावाचे गाव आहे. तेथे १९९५ साली लोकांनी उलटेच केले. समुद्राचा जुना बांध मुद्दाम फोडला आणि २१ हेक्टर शेत भरतीच्या पाण्याला मोकळे करून दिले! खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या वनस्पती लाटांचा जोर कमी करतात, म्हणजे मागच्या नव्या बांधाला धक्का कमी बसतो. अशा भिजलेल्या चिखलात हवा नसते. म्हणून तेथे हवेवाचून जगणारे जीवाणू वाढतात. गाडला गेलेला पालापाचोळा तेथे फार सावकाश कुजतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. कोकणातल्या एखाद्या खाडीवर गेलात, तर मोठ्यांना बरोबर घेऊन काठाच्या काळ्या चिखलात काठी खुपसून पाहा. तोच वास येईल.