नालीचं पाणी, शेवाळ आणि गोबरगॅस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि माझा विषय आहे शेवाळ. हसू नका! आपल्या वर्गातला एकजण आज सरपंच आहे. त्याच्या गावची सगळी नाली ओढ्यात जाते आणि त्याच ओढ्याकाठी नळयोजनेची विहीर आहे. परवा त्यानं फोनवर विचारलं, "शेवाळापासून डिझेल होते म्हणतात, आपण करू का?" त्याला उत्तर इथंच देतो.

पाण्यात सूक्ष्म शैवाल वाढलं की डबकं हिरवं दिसतं. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात, पण त्यांना प्राणवायू लागतो. शैवाल उन्हात तो पाण्यातच सोडतं आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड, शिवाय नत्र आणि स्फुरद, स्वतः घेतं. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण. वीजबिल नाही. भर दुपारी तळ्याचा सामू नऊच्या वर जाऊ शकतो. त्यानं आणि उन्हानं रोगजंतूही मरतात. ऊन तर वर्ध्याला कमी नाही.

यासाठी दूर जायला नको. नागपूरला १९५८ साली सुरू झालेल्या संस्थेनं, म्हणजे आजच्या नीरीनं, अशा तळ्यांचा अभ्यास करून १९७० मध्ये त्यांच्या बांधणीवर पुस्तक काढलं. टाकाऊ वस्तू गावातच कामी लावायचा विचार तर मगनवाडीत कुमारप्पांच्या काळापासून आहे.

आता डिझेल. अमेरिकेनं १९७८ ते १९९६ शैवालाच्या तेलावर सरकारी पैसा लावला. खर्च परवडेना म्हणून काम थांबवलं. अडचण साधी आहे: पेशी काही मायक्रॉनच्या, आणि लिटरभर पाण्यात सुकं शैवाल ग्रॅमभरही नसतं. ते गाळणं, सुकवणं, त्यातून तेल काढणं यातच कमाई जाते. तेव्हा भाऊ, डिझेल विसर.

गॅसचं वेगळं. शैवाल सुकवावं लागत नाही, ओलंच गोबरगॅसमध्ये जातं. कॅलिफोर्नियात ऑस्वाल्ड आणि गोलुके यांनी १९५० च्या दशकातच हे करून पाहिलं. मात्र शैवालात नत्र जास्त, कर्ब कमी. नुसतं तेच घातलं तर अमोनिया वाढून गॅस मंदावतो. सोबत शेण आणि बारीक केलेला काडीकचरा हवा. पऱ्हाटी मात्र फार कडक, ती लवकर कुजत नाही. तरी गॅस हा जोडधंदाच समजा. खरी कमाई पाण्याची.

हिशेब सांगतो. आपल्या हवेत दरडोई साधारण दोन चौरस मीटर तळं धरा. दोन हजार वस्तीला एक एकर. खोली दीड मीटर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तळ चोपून पक्का करावा लागेल आणि तळं विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला घ्यावं लागेल. श्रावणात आभाळ असलं की काम मंदावतं. तळ्यावर निळसर-हिरवी साय धरली तर जनावरांना पाणी पाजू नका; ती विषारी असू शकते. बाहेर पडणारं पाणी पिण्याचं नाही, वावराचं आहे, आणि तेही तपासून.

एक एकर गायरान मिळतं का, ते ग्रामसभेत विचार. विहिरीच्या आणि नालीच्या पाण्याचे दोन वेगळे नमुने दिवाळीआधी माझ्याकडे पाठव, तपासणीचं मी बघतो.