मांजरेतला पाणघोडा

देवणी म्हटलं की डोळ्यांपुढे उभी राहते ती देवणी गाय, नाहीतर जत्रेत मिरवणारा देवणी वळू. पण या जनावरांच्या कितीतरी आधी या मुलखात दुसरीच जनावरं चरत होती. देवणी गावाहून दक्षिणेला उतरलं की मांजरा नदी लागते. तिच्या काठावर एके काळी पाणघोडे राहत.

होय, पाणघोडे. आज ज्यांना रानात पाहायला आफ्रिकेत जावं लागतं, तेच कूळ. लातूर जिल्ह्यात हरवाडी, गांजूर अशा गावांजवळ मांजरेच्या पात्रात आणि दरडींत त्यांचे अवशेष मिळाले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी हे खोरं वर्षानुवर्षं पायी धुंडाळलं आणि पाणघोड्यांच्या जोडीला प्राचीन हत्ती आणि रानबैल यांचे जीवाश्मही नोंदवले.

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, औरादच्या बाजूला तेरणेला पोटात घेते, कर्नाटक आणि तेलंगणातून फिरून गोदावरीला मिळते. सगळा प्रवास सव्वासातशे किलोमीटरांच्या आसपास. तिच्या दरडीत तळाला काळा पाषाण, त्यावर चुन्यानं घट्ट धरलेला गोट्यांचा थर, त्यावर पिवळसर गाळ आणि सगळ्यांत वर आपली काळी माती. पुरानं काठ कापला की हे थर उघडे पडतात. जुनी हाडं बहुधा त्या खालच्या गोट्यांच्या थरात आणि वाळूत असतात.

आता पाणघोड्याच्या दाताबद्दल. वेळ थोडा जास्त जाईल, पण मला या विषयाची गोडी लागली ती या दातामुळेच. पाणघोड्याची दाढ झिजली की तिच्या माथ्यावर तीन पाकळ्यांची नक्षी उमटते. बैलाच्या दाढेवर चंद्रकोरी दिसतात, हत्तीच्या दाढेवर आडव्या पट्ट्या, आणि पाणघोड्याच्या दाढेवर या तीन पाकळ्या. त्यामुळे मुठीत मावेल एवढा तुकडा सापडला तरी जाणकार माणूस जनावर ओळखतो. भारतातल्या या पाणघोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात सहा असत, आजच्या आफ्रिकी पाणघोड्याला चारच असतात.

त्या दातावरून नदीही कळते. पाणघोडा दिवसभर पाण्यात बसतो, रात्री काठावर येऊन मणभर गवत खातो. उन्हात त्याची कातडी तडकते, म्हणून त्याला बारमाही डोह लागतो. म्हणजे हा दात मिळाला तिथल्या मांजरेला उन्हाळ्यातही खोल पाणी होतं आणि काठावर हिरवं कुरण होतं. मधेच रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगायला हवं: मांजरा एके काळी बारमाही होती आणि तिचा साक्षीदार आहे पाणघोड्याचा दात.

साधारण पंधरा-वीस हजार वर्षांपूर्वी भारतातून हे जनावर संपलं. मोसमी पाऊस दुबळा झाला, डोह आटले, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

त्या काठावर माणूसही होता. गोदावरीच्या खोऱ्यात अशा अवशेषांचा शोध जुना आहे. पैठणसमोरच्या मुंगीला 1865च्या सुमारास वाईन या भूगर्भ अभ्यासकाला जीवाश्मांच्या थरात अकीकाचा घडवलेला छिलका मिळाला. पुढे 1905 साली पिलग्रिमनं नांदूर मध्यमेश्वरचा प्राचीन हत्ती जगापुढे आणला. 1954पासून पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी नेवाशाला खणायला घेतलं आणि अश्मयुगीन हत्यारांचे थर उलगडले. मांजरेच्या काठीही दगडी हत्यारं मिळाली आहेत. आपल्याकडे वाटेवर पडलेल्या गारगोट्या, त्याच जातीच्या दगडाचे धारदार छिलके काढून ही माणसं शिकार सोलत. त्यांची नावं, भाषा काहीच उरलं नाही. पण या खोऱ्याचे पहिले रहिवासी तेच.

मांजरेत सापडणाऱ्या रानबैलाच्या जातीतूनच, सिंधूच्या बाजूला काही हजार वर्षांपूर्वी, वशिंडाची गाय माणसाळली. त्याच वंशात पुढे देवणी आली. शेतीला आणि दुधाला, दोन्हींना उपयोगी. तिचे रंगावरून प्रकार पडतात: वानेरा म्हणजे तोंडाशी काळा, बालंक्या जवळजवळ पांढराशुभ्र, शेवेरा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. जातीची निवड शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या केली. आता ट्रॅक्टर आला, संकरित गाय आली आणि शुद्ध वळू शोधावा लागतो. हे पशुधन टिकलं पाहिजे असं ठामपणे वाटतं.

पण त्याहून चटका लावते ती वाळू. ज्या थरात हाडं आणि हत्यारं आहेत, तेच थर वाळूउपशात यंत्रानं उचलले जातात. वाळूबरोबर जीवाश्मही ट्रकमध्ये जातो आणि भिंतीत गाडला जातो. नदीचं दुखणं यानं वाढतं, कारण वाळूच पाणी धरते. 2016 साली धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ज्या नदीत पाणघोडे डुंबत होते तिच्या खोऱ्यातली ही अवस्था.

पात्रात दगडासारखं जड हाड दिसलं तर ते फोडू नका, घासूनपुसून घरीही नेऊ नका. जागा आणि थर टिपून ठेवा, फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. हाड कोणत्या थरातून आलं ते हरवलं की त्याचं वय ठरवणं फार कठीण होतं. लातूर जिल्ह्यातच या अवशेषांचं छोटंसं संग्रहालय उभं राहिलं, तर देवणीच्या शाळेतल्या मुलांना तीन पाकळ्यांची ती दाढ पाहायला पुण्याला जावं लागणार नाही.