खाडीचे पाणी आणि नोंदींचे अंतर



ठाण्याच्या खाडीत, किंवा कल्याणास दुर्गाडीच्या पायथ्याशी, जेथवर उल्हास नदीच्या पात्रातून समुद्राचे पाणी आत शिरते, तेथे भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा येते आणि म्हणून रोज पाऊण तासाहून थोडी अधिकच मागे सरते, हे काठावरच्या माणसास निराळे सांगावयास नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आला आहे.

आता असे समजा की ठाण्याच्या धक्क्यावर खुणांची पट्टी रोवून रोज दुपारी बाराच्या ठोक्यास पाण्याची उंची दफ्तरी नोंदविण्याचा शिरस्ता कोणी मुक्रर केला. अमावास्येस त्या सुमारास भरती, अष्टमीस ओहोटी, पौर्णिमेस पुन्हा भरती. म्हणजे महिनाअखेर त्या कागदांवरून पंधरवड्यात एकदा चढून उतरणारी एक संथ, डौलदार लाट सिद्ध होईल, आणि पाण्याची तशी चढउतार खाडीत कोणी पाहिलेली नसेल! उधाण आणि भांग यांची पंधरवड्याची फेरी खरी, पण तीत भरती-ओहोटीतील अंतर वाढते-घटते. तिच्याच आडोशाने ही बनावट लाट बिनबोभाट खपून जाते, यातच खरी गोम आहे. एका फेरीत दोहोंहून अधिक नोंदी हव्यात, हा नायक्विस्टच्या १९२८ च्या आणि शॅननच्या १९४९ च्या, संदेशवहनावरील निबंधांशी निगडित असलेला दंडक खाडीस लावला, तर दोन नोंदींमधील अंतर सहा तासांपलीकडे जाता कामा नये. (पारंपरिक डिजिटल टेलिफोनवर आपला आवाज सेकंदास ८००० वेळा मोजतात, तो याच न्यायाने.)

मग दर मिनिटास मोजावे काय? पावसाळ्यात बदलापूरकडून येणाऱ्या पुराचा वीतभर फुगवटा कल्याणास पोचला की नाही, एवढाच निवाडा करावयाचा असेल, तर होड्यांनी उठविलेल्या क्षणिक लाटा दर मिनिटाच्या नोंदींच्या सरासरीत विरून जातात. परस्परांशी संबंध नसलेल्या अशा चुकांच्या बाबतीत नोंदी चौपट केल्या की अनिश्चितता निम्मी होते. परंतु वाऱ्याने लोटलेले पाणी तासन्‌तास चढलेलेच राहते, आणि तासाभराच्या साठही नोंदींत तीच एक चूक बसलेली असते. एकाच घरच्या साठ माणसांनी एकच जबानी दिली म्हणून कोणी शहाणा पंच साठ साक्षी धरीत नाही. तेथे मिनिटास मोजा की सेकंदास, माहितीत भर जवळजवळ पडत नाही. वारा पालटेपर्यंत थांबावे, किंवा वाऱ्याचीच निराळी नोंद ठेवून ती वजा करावी.