पाणंद, डांबर आणि पिकअपचे टायर

मृग तोंडावर आला की टायरच्या दुकानांत पिकअपवाल्यांची गर्दी वाढते. उन्हाळाभर गोटा झालेल्या टायरवर निभावून नेलेलं असतं. आता पाणंदीत पाणी साचायच्या आत ते बदलायचे असतात. आणि हल्ली दुकानात एक माल हमखास पुढे केला जातो, तो म्हणजे हायब्रीड ऑल-टेरेन. मोठाले ठोकळे, पार खांद्यावरून खाली उतरलेली नक्षी. लावला की गाडी दणकट दिसते. "डांबरावर पण चालतो, चिखलात पण चालतो," असं दुकानदार सांगतो, आणि ते खोटं नाही. पण तुमच्या गाडीला तो हवा का, हा प्रश्न वेगळा आहे. कंपन्यांची नावं मी इथे घेणार नाही. रेडिओवर ती घ्यायची नसतात, आणि दुकानदार न विचारताच सांगतो.

नक्षीत पाहायचं ते इतकंच की जमिनीला टेकणारं रबर किती आणि मधली मोकळी खाच किती. हायवेच्या टायरला रबर जास्त आणि खाचा अरुंद, म्हणून तो आवाज करत नाही, सावकाश झिजतो, डिझेल कमी खातो. निव्वळ चिखलाचा टायर याच्या उलट; डांबरावर घोंघावतो आणि लवकर उतरतो. ऑल-टेरेन या दोघांच्या मधला. हायब्रीड हा ऑल-टेरेन आणि चिखलाचा टायर यांच्याही मधला. त्याचा मधला पट्टा बराच भरीव असतो, खांद्याचे ठोकळे मात्र उघडे, एकमेकांपासून सुटे. आपल्या ट्रकवाल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. पुढे रिब, मागे लग आणि दोन्हीचं थोडं थोडं काम करणारा सेमी-लग, ही भाषा ते कित्येक वर्षं बोलत आलेत.

आता चिखल कोणता, ते महत्त्वाचं. मराठवाडा-विदर्भातली किंवा नगर-सोलापूरकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. पावसात काळ्या रानातून चालताना चप्पल जड होत जाते, तसंच टायरचं होतं. साध्या ऑल-टेरेनच्या खाचा काही फुटांतच बुजतात. मग नवा टायर आणि गोटा टायर यांत फरक उरत नाही, दोन्ही गुळगुळीत. हायब्रीडचं खरं काम इथे दिसतं. चाक फिरतं राहिलं की खांद्याच्या उघड्या खाचांतून माती बाहेर फेकली जाते आणि ठोकळ्याची धार पुन्हा मोकळी होते. वस्तीपासून डांबरापर्यंतचा तुमचा तुकडा काळ्या मातीचा असेल, दूध किंवा भाजी रोज पहाटे बाहेर काढायची असेल, तर हे पैसे वाया जात नाहीत.

कोकणात गणित बदलतं. जांभ्यातून पाणी लवकर निचरतं, माती तितकी चिकटत नाही. तिथला वैरी म्हणजे शेवाळ धरलेला ओला चढ आणि घाटातलं भिजलेलं डांबर. तिथे मोठ्या ठोकळ्यांपेक्षा ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा कामाला येतात, कारण पाण्याचा पातळ थर तोडायचं काम त्यांचं. ज्या टायरवर चिरा कमी आणि ठोकळे जाड, तो ओल्या सिमेंट-काँक्रीटवर ब्रेक मारल्यावर थोडा लांबच थांबतो. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारानं शोभेसाठी हायब्रीड घेऊ नये असं माझं मत आहे. त्याला चांगला ऑल-टेरेन पुरतो.

पण नक्षीआधी पाहायचं असतं वजन, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही. टायरच्या बाजूला साइजच्या पुढे एक अंक छापलेला असतो. तो थेट किलो सांगत नाही, त्याचा तक्ता असतो. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 104 म्हणजे 900, 112 म्हणजे 1120. तिरकी रेघ मारून दोन अंक दिले असतील तर पहिला एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. पिकअपला पहिला बघायचा. आता हिशेब करू. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट 20 किलोचं धरतात. 70 क्रेट भरली तर 1400 किलो माल, वर रिकाम्या क्रेटचं वजन, म्हणजे दीड टन झाला. यातला बहुतेक भार मागच्या चाकांवर, समजा बाराशे किलो. रिकाम्या गाडीचं स्वतःचं मागचं वजन साडेसहाशे धरा. एकूण साडेअठराशे. 104 अंकाचे दोन टायर मिळून 1800 उचलतात. म्हणजे बाजारात पोचण्याआधीच हद्द ओलांडली, आणि अजून कोणी पाच क्रेट जास्तीची टाकलेली नाहीत.

हे सांगायचं कारण असं की देखणे हायब्रीड आणि ऑल-टेरेन टायर बरेचदा जीपगाड्यांसाठी बनलेले असतात. त्यात पाच माणसं आणि चार बॅगा बसतात, दीड टन टोमॅटो नव्हे. रिमला साइज बसते, म्हणून तो पिकअपला चढवला जातो. मे महिन्यात, भरल्या गाडीत, तापलेल्या डांबरावर असा टायर बाजूनं फुटला की लोक टायरला शिव्या देतात. गाडीबरोबर आलेल्या टायरवरचा अंक वाचा आणि त्याहून कमी अंकाचा टायर, दिसायला कितीही भारी असला, तरी घेऊ नका. आयएसआयचा शिक्का आणि व्यापारी वाहनांच्या टायरचा मानक क्रमांक, आयएस 15636, हेही बाजूलाच सापडतं.

हा अंकसुद्धा पुरी हवा असेल तरच खरा. चिखलात हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, ही युक्ती ठाऊक असलेले पुष्कळ आहेत. डांबराला लागताच पंपावर थांबून ती परत भरणारे थोडे. कमी हवेत भरली गाडी पळवली की टायरची बाजू दर फेऱ्याला वाकते, तापते आणि आतून सुटत जाते. वरून काही दिसत नाही.

साइज वाढवायचा मोहही असतो. 215/75 आर 15 च्या जागी 235/75 आर 15 घातला तर चाकाची उंची साधारण 703 मिलिमीटरची 733 होते, म्हणजे सुमारे चार टक्के. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 62-63 नं चाललेली असते, आणि भरली गाडी चढाला घेताना इंजीन दमतं. शिवाय पाटे दबले की टायर मडगार्डला घासतो. कंपनीनं पुस्तकात दिलेल्या साइजपलीकडे जाऊ नये; विम्याचा दावा अडकायला तेवढं निमित्त पुरतं.

काही जण म्हणतील, मग मागेच दोन हायब्रीड घालू, पुढे रिब राहू दे. ट्रकला ते चालतं, कारण ट्रक जड आणि संथ. पिकअप बाजारातून परत येते ती रिकामी. ओढ मागच्या चाकांची आणि त्यांच्यावर वजनच नाही, अशी तिची मूळची खोड. पावसात कसारा घाट उतरताना मागचे ठोकळे आधी सुटले आणि पुढचे रिब रस्ता धरून राहिले, तर मागची बाजू पुढे यायला बघते. म्हणून घ्यायचे तर चारही सारखे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या, नाहीतर ठोकळ्यांना पायरी पडते आणि केबिनमध्ये गुणगुण सुरू होते.

राहता राहिली तारीख. बाजूच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. सवलतीच्या मालात हे आधी वाचा. स्टेपनीवरही वाचा, कारण चेसिसखाली चिखल खात लटकलेल्या त्या पाचव्या टायरची तारीख वाचून बरेच जण चमकतात. चारांची साइज बदलली असेल तर तोही बदलावा लागेल, एवढा खर्च आधीच धरा. आणि नवे टायर बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनं नट पुन्हा आवळून घ्या. पान्यावर नाचून नाही. टॉर्कचा पाना असलेल्या गॅरेजमध्ये जा.